बॅटरीवरील साखळी-करवतीची निगा : साखळी, बार आणि तेल

मे महिना अर्धा उलटला की मुंबईच्या उपनगरांत झाडांच्या छाटणीची घाई सुरू होते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील रस्त्यांच्या कडेचे गुलमोहर, सोनमोहर व पर्जन्यवृक्ष पावसाने जड होण्यापूर्वी हलके करावयाचे असतात. गोराई-मनोरीच्या वाड्यांतील वठलेले नारळ उतरवावयाचे असतात, आणि आरेच्या पाड्यांवर घरांच्या छपरांवर झुकलेल्या आंब्या-जांभळाच्या फांद्या काढावयाच्या असतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दाराशी येतो. सबब हाती तीन-चार आठवडेच उरतात. कधी तेवढेही मिळत नाहीत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा शहरात व उपनगरांत शेकडो झाडे उन्मळून पडली. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाने रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या होत्या. अशा वेळी कुऱ्हाड व हातकरवत पुरी पडत नाही. साखळी-करवत, जिला बाजारात चेनसॉ म्हणतात, ती लागते.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलवरील करवतीच्या जोडीला बॅटरीवर चालणारी करवत वाड्यांतून व गृहसंस्थांच्या बागांतून दिसू लागली आहे. तिला धूर नाही, पेट्रोलात तेल मिसळण्याची कटकट नाही, दोरी ओढून सुरू करण्याचा खटाटोप नाही, आणि दाट वस्तीत तिचा आवाजही कमी जाचतो. उपनगर जिल्ह्यात ग्रामपंचायती नाहीत. परंतु येथील वाडीवाल्यांस व माळ्यांस जो अनुभव येतो तोच ठाणे, पालघर व रायगडच्या बागायतदारांस येतो, म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही हा विषय समजून घेणे इष्ट होय.

या यंत्राविषयी सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘बॅटरी टिकत नाही’ ही होय. पहिल्या महिन्यात एका चार्जिंगमध्ये जेवढे काम होत असे त्याच्या निम्मेही सहा महिन्यांनी होत नाही, मग दुसऱ्या बॅटरीसाठी पैसे जमविण्याचा विचार सुरू होतो. बॅटरी कालांतराने क्षीण होते हे खरे. परंतु पहिल्या-दुसऱ्या हंगामातच काम निम्म्यावर आले असेल तर बहुधा दोष बॅटरीचा नसतो. दोष बोथट साखळीचा, कोरड्या बाराचा किंवा दोहोंचा असतो. नवी बॅटरी आणल्यावर तीही तशीच लवकर उतरते, तेव्हा कोठे हे ध्यानात येते.

याचे कारण हिशेबाने समजेल. ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तास असे आकडे ज्या बॅटरीवर छापलेले असतात तिच्यात १४४ वॅट-तास एवढी शक्ती साठते. एक लिटर पेट्रोलात सुमारे ९,००० वॅट-तास उष्णता असते. पेट्रोलच्या करवतीत अर्धा लिटर इंधन मावले व इंजिनाने त्यातील बहुतेक भाग धुरात व तापण्यात घालविला, तरी कापण्यासाठी बॅटरीच्या कितीतरी पट शक्ती शिल्लक राहते. सबब पेट्रोलच्या करवतीवर बोथट साखळी चालविणाऱ्याचे नुकसान झाकले जाते. तो जरा अधिक पेट्रोल ओततो इतकेच. बॅटरीच्या करवतीत असा राखीव साठा नाही. साखळी घासण्यात जी शक्ती गेली ती कापण्यातून वजा झाली. थोडक्या पाण्यावर बागाईत करणारा शेतकरी ज्याप्रमाणे पाटाची गळती चालू देत नाही, त्याप्रमाणे येथे घर्षण चालू देता येत नाही.

साखळी कशी कापते

निगा घेण्यापूर्वी साखळीची रचना ध्यानात घ्यावी. विजेवरील साखळी-करवत ही काही नवी कल्पना नव्हे. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी जी साखळी-करवत तयार केली ती विजेवरच चालत असे. मात्र ती उचलावयास दोन माणसे लागत. त्या काळच्या साखळ्यांचे दात साध्या करवतीसारखे टोकदार असत व ते लाकूड ओरबाडीत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी त्याच्या पाहण्यात आली. ती आपल्या वाकड्या जबड्यांनी डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे लाकूड कुरतडीत, आडव्या-उभ्या तंतूंची पर्वा न करता, पुढे सरकत होती. त्या जबड्यावरून त्याने साखळीचा वाकडा दात घडविला, आणि आज जगभर वापरात असलेल्या साखळ्या त्याच जातीच्या आहेत. आंब्याच्या खोडकिड्याने बागायतदारांचे केलेले नुकसान पाहता त्या कुळातील एका अळीकडून माणसाने एवढे तरी वसूल केले, असे म्हणावयास हरकत नाही.

साखळीत एक दात डाव्या हाताचा, नंतरचा उजव्या हाताचा, असे दात एकाआड एक बसविलेले असतात. बारा ते चौदा इंची बारावरील साखळीत सामान्यतः बावीस ते सव्वीस दात येतात. प्रत्येक दाताला एक वरची कड व एक बाजूची कड असते, आणि त्या जेथे मिळतात तो कोपरा हाच दाताचा प्राण होय. कोपरा व बाजूची कड तंतू तोडतात, वरची कड रंध्याप्रमाणे तो तुकडा उचलून बाहेर फेकते. दाताच्या पुढे एक बुटका उंचवटा असतो. कारागीर त्यास रेकर म्हणतात. एका वेळी दाताने किती जाड छिलका काढावा हे हा उंचवटा ठरवितो. कड्यांच्या तळाशी निमुळते पाय असतात. ते बाराच्या खाचेतून धावतात, मोटारीवरील दातेरी चाक त्यांना ओढते आणि तेच खाचेतील तेल पुढे वाहून नेतात.

हे यंत्र निर्दोष असेल तर करवतीला ढकलावे लागत नाही, ती आपल्या वजनाने लाकडात उतरते आणि खाली जाड, चौकोनी छिलके पडतात. छिलक्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की साखळी बोथट झाली असे निश्चित समजावे. ही खूण मोटारीच्या आवाजावरून मिळेल अशी अपेक्षा धरू नये. पेट्रोलचे इंजिन कण्हते, त्याचा सूर बदलतो. बॅटरीची मोटार मुकाट्याने अधिक वीज ओढते व शेवटी तापून आपोआप बंद पडते. म्हणून नजर नेहमी भुशावर असावी.

हात लावण्यापूर्वी

साखळीस, बारास किंवा चाकास हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूस ठेवावी. बटण बंद केले एवढे पुरेसे नाही. पेट्रोलची करवत दोरी ओढल्यावाचून सुरू होत नाही, त्यामुळे तिच्यावर काम केलेल्या माणसास थांबलेले यंत्र मेलेलेच आहे असे मानण्याची सवय असते. बॅटरीची करवत थांबली तरी जिवंत असते. धार लावताना मांडीचा किंवा बोटाचा दाब बटणांवर पडला तर ती त्याच क्षणी धावते. शिकाऊ माणसास करवत देताना हा एक नियम आधी शिकवावा व तो प्रत्यक्ष पाळला जातो की नाही हे पाहावे. हातात जाड हातमोजे असावेत. धार लावलेला दात साखळी स्थिर असतानाही बोट कापतो.

तेलाची चूक सर्वांत महाग

पेट्रोलच्या करवतीत इंधनाची व साखळीच्या तेलाची टाकी जवळजवळ एकाच वेळी रिकामी होईल अशी योजना असते. पेट्रोल संपले म्हणून माणूस थांबतो, आणि हातासरशी तेलही भरतो. बॅटरीच्या करवतीत ही आठवण करून देणारे कोणी नाही. बॅटरी बदलली, करवत पुन्हा धावू लागली, आणि तेलाची टाकी केव्हाच कोरडी पडलेली असते. कोरडी साखळी काही मिनिटांतच इतकी तापते की बाराचे काठ निळसर पडतात, खाच पसरते, टोकाचे चाक धरते. तेलाच्या एका बाटलीची काटकसर एका बाराच्या किमतीला पडते. यास्तव प्रत्येक वेळी बॅटरी बदलताना तेल पाहून टाकी भरावी. बॅटरी व तेल यांची सांगड मनात एकदा बसली की पुढे अडचण येत नाही.

टाकी भरलेली असली तरी तेल साखळीपर्यंत पोहोचतेच असे नाही. तेलाचे बारीक छिद्र भुशाने बुजते. परीक्षा सोपी आहे. करवत सुरू करून बाराचे टोक जुन्या पुठ्ठ्यासमोर किंवा सोललेल्या पांढऱ्या खोडासमोर वीतभर अंतरावर धरावे. टोक कशासही टेकू देऊ नये. थोड्याच वेळात तेलाच्या शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. न उमटल्यास बार काढून छिद्र साफ करावे.

तेल कोणते, याविषयी उपनगरांत बरीच गैरसमजूत आहे. गॅरेजमध्ये मोटारीतून काढलेले काळे तेल फुकट मिळते म्हणून ते भरले जाते. त्यात धातूची कीस व काजळी असते. ती पंपाची वाट बंद करते व खाचेला कानशीप्रमाणे घासते. शिवाय ते तेल साखळीवरून उडून कापणाऱ्याच्या कातडीवर, भाजीच्या वाफ्यावर व विहिरीच्या काठावर पडते, आणि ते आरोग्यास अपायकारक आहे. ते वापरूच नये. साखळीसाठी विकले जाणारे तेल चिकट असते. साखळी गोल फिरताना टोकावरून ते फेकले जात नाही, हा त्याचा गुण होय. ते न मिळाल्यास थोडे दिवस नवे, दाट इंजिन-तेल चालते. ते उडून अधिक खर्ची पडते इतकेच.

नारळाच्या मुलखात खोबरेल तेलाचा मोह होणे साहजिक आहे. परंतु खोबरेल सुमारे २४-२५ अंशांखाली थिजते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बोरिवलीच्या डोंगराकडील भागात ते टाकीतच गोठलेले सापडेल व पंप कोरडा फिरेल. शेंगदाणा, सोयाबीन यांसारखी तेले थिजत नाहीत, पण महिनाभर पडून राहिली की त्यांचा डिंकासारखा थर होतो आणि साखळीच्या कड्या ताठ होतात. खाद्यतेल वापरलेच तर काम संपताच साखळी व बार पुसून त्यांस खनिज तेल लावावे.

चार ते सहा इंची बाराची लहान छाटणी-करवत अलीकडे फार खपते. तिच्यापैकी अनेकींत तेलाची टाकी नसतेच. अशा करवतीच्या साखळीवर काही फांद्या कापून झाल्या की हाताने तेलाचे थेंब सोडावे लागतात. हे न सांगता ती विकली जाते, आणि पहिल्याच हंगामात बार जळतो. ही करवत एका हाताने चालते म्हणून दुसऱ्या हाताने फांदी धरण्याची प्रवृत्ती होते, ती अत्यंत घातक आहे.

दात पाजवणे

कोयता बोथट झाला तर वाडीतील माणूस तो दगडावर पाजवून घेतो, दुकानात नेत नाही. साखळीचेही तसेच व्हावयास पाहिजे. दुकानातील चक्रावर साखळी घासून आणली की दाताचा बराच भाग फुकट जातो, आणि चक्र तापले तर दाताचे पाणी उतरते. हाताने गोल कानस लावणे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे व ते कोणासही साध्य आहे.

प्रथम कानशीचे माप ठरवावे. साखळीवरील कोणत्याही लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्या व तिसऱ्या रिव्हेटाच्या मध्यांमधील अंतर मोजावे व त्याचे निम्मे करावे; ते साखळीचे माप होय. हे अंतर सुमारे १९ मि.मी. भरले तर साखळी ३/८ इंची आहे. बॅटरीच्या मध्यम करवतींवर बहुधा या मापाची बुटकी साखळी असते व तिला ४ मि.मी. व्यासाची गोल कानस लागते. अंतर सुमारे १६.५ मि.मी. असेल तर सामान्यतः ४.८ मि.मी.ची कानस घ्यावी. लहान करवतींच्या पाव इंची साखळ्यांना ३.२ किंवा ४ मि.मी. अशा दोन्ही कानशी लागतात, म्हणून तेथे यंत्राची पुस्तिका पाहावी. चुकीची कानस दाताचा आकारच बदलून टाकते. मग कितीही घासले तरी धार येत नाही.

बार शिकंज्यात किंवा फाटा मारलेल्या ओंडक्यात पक्का धरावा. सुरुवातीच्या दातावर खडूची खूण करावी. कानस दाताच्या आतील बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे ढकलावी; मागे आणताना ती उचलून आणावी, कारण कानस केवळ पुढे जातानाच कापते. बहुतेक साखळ्यांना ३० अंशांचा तिरकेपणा असतो, आणि पुष्कळदा दाताच्या माथ्यावर तशी रेघ कोरलेली असते. कानस त्या रेघेस समांतर ठेवावी. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्याच्या वर राहावा. ती खाली गेली तर दात आकड्यासारखा होऊन अडकतो व लवकर मोडतो, वर राहिली तर दात लाकडावरून घसरतो. दोन-तीन दमदार घाव पुरे होतात. एका बाजूचे सगळे दात संपवून मग करवत फिरवावी व दुसऱ्या बाजूचे घ्यावे. एका दातास जितके घाव तितकेच प्रत्येकास द्यावेत.

येथे एक स्वाभाविक चूक होते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा जोर एका बाजूच्या दातांवर चांगला बसतो, दुसऱ्या बाजूवर कमी. हळूहळू एका बाजूचे दात आखूड होतात, आणि मग करवत सरळ न जाता लाकडात कमानीसारखी वळते. पुष्कळ जण अशा वेळी बार वाकला असे समजतात. बार काढून काचेवर ठेवून पाहावा. तो सरळ असेल तर दोष कानशीचा आहे. सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे त्याच्या बरोबरीस आणावेत. हे जिवावर येते, पण दुसरा उपाय नाही.

दात घासला की त्याचा माथा किंचित खाली येतो, कारण तो मागील बाजूस उतरता असतो. त्यामुळे पुढचा उंचवटा तुलनेने वर राहतो व दाताला लाकूड मिळेनासे होते. धार उत्तम, तरीही करवत उतरत नाही, असे झाल्यास कारण हेच असते. तीन-चार वेळा पाजवून झाले की मापपट्टी ठेवून उंचवटा चपट्या कानशीने उतरवावा. दात व उंचवटा यांत सुमारे ०.६५ मि.मी. एवढे अंतर सामान्यतः पुरते. येथे उत्साह नको. उंचवटा फार उतरला की दात मोठा घास घेतो, करवत हिसके देते, मोटारीवर ताण येऊन ती बंद पडते, आणि टोकाचा वरचा भाग लाकडास लागल्यास बार कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळण्याचा धोका वाढतो. शिडीवर किंवा झाडावर बसलेल्या माणसास अशी उसळी आवरत नाही. बोथट साखळीचा धोका वेगळाच आहे. माणूस अंगाचा भार देऊन करवत दाबतो, फांदी एकाएकी तुटते आणि करवत त्याच भारानिशी खाली मांडीवर येते. पाजवण्याची पंधरा मिनिटे वाचविणाऱ्याने हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

दात झिजून कंपनीने कोरलेल्या खुणेपर्यंत आला, किंवा खूण नसल्यास त्याची लांबी सुमारे ४ मि.मी. उरली, की साखळी टाकून द्यावी.

खिळे, तारा व वाळू

रानातील झाडापेक्षा उपनगरातील झाड साखळीस अधिक जड जाते, कारण त्याच्या अंगात लोखंड असते. जाहिरातींचे फलक, सणाच्या दिव्यांच्या माळा, कपडे वाळविण्याच्या तारा यांसाठी वर्षानुवर्षे खिळे ठोकलेले असतात. साल वाढून ते दिसेनासे होतात. वाड्यांच्या हद्दीवरील झाडांनी काटेरी तार गिळलेली असते. एका खिळ्याने एका क्षणात निम्मे दात जातात. कापण्यापूर्वी खोडाभोवती हात फिरवून पाहावा. सालीवर गाठ, आडवी वळी किंवा गंजाचा ओघळ असेल तर त्याच्या हातभर वर किंवा खाली कापावे. कापलेल्या तोंडावर निळसर काळा डाग दिसला तर आत जवळपास लोखंड आहे असे समजावे. लाकडातील तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन हा रंग येतो.

(बृहन्मुंबईत झाड तोडण्यापूर्वी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड आपल्या वाडीतले आहे एवढ्याने ही गरज टळत नाही. छाटणीपूर्वीही महापालिकेच्या उद्यान खात्याकडे चौकशी करावी.)

गोराई-मनोरीकडे वाळूचा त्रास आहे. पडलेल्या नारळाच्या खोडाच्या खपल्यांत वाळू बसते, आणि वाळू साखळीची धार खिळ्याइतकीच निश्चितपणे, फक्त जरा सावकाश, घालविते. खोड आधी ताठ झाडूने झाडावे व खाली लाकडाचे ठोकळे देऊन उचलावे. जमिनीवर पडलेला ओंडका वरून आरपार कापू नये. दोन-तृतीयांश कापून तो फिरवावा व उरलेला भाग दुसरीकडून कापावा. साखळीचे टोक मातीस एकदा लागले की सकाळची सगळी धार गेली. नारळाचे खोड बाहेरून अतिशय टणक व आत मऊ असते, त्याचे लांब तंतू चाकाच्या झाकणाखाली गुंडाळले जातात. दर दुसऱ्या-तिसऱ्या कापानंतर बॅटरी काढून झाकण उघडावे व ते तंतू ओढून काढावेत.

बार

साखळीकडे पाहणारे पुष्कळ, बाराकडे पाहणारे थोडे. काम संपल्यावर बार काढून खाच साफ करावी. त्यासाठी तुटलेल्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा किंवा पत्र्याची पट्टी चालते. आंबा-फणसाच्या चिकाने भुसा सिमेंटसारखा बसलेला असेल तर ती जागा डिझेलने ओली करून थोडा वेळ थांबावे. चीक बसलेली साखळीही डिझेलमध्ये भिजवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासावी, कोरडी करावी व तेलात बुडवून टांगावी. यंत्राच्या अंगावर मात्र डिझेल किंवा पाण्याची धार सोडू नये.

बाराची खालची कड अधिक झिजते, कारण कापणे बहुधा तिनेच होते. म्हणून साखळी पाजवावयास काढली की बार उलटा करून बसवावा. केवळ एवढ्याने त्याचे आयुष्य पुष्कळ वाढते. काठांवर बोट फिरविले असता बाहेरच्या अंगास पातळ, धारदार किनार लागली तर ती चपट्या कानशीने काढावी. साखळी बसवून ती हाताने आडवी हलवून पाहावी. ती एका बाजूस कलंडत असेल तर खाच पसरली आहे. कड्यांचे पाय खाचेच्या तळाला टेकू लागले तर बार संपला. टोकाचे दातेरी चाक बोटाने मोकळे फिरले पाहिजे. ग्रीसचे छिद्र असेल तेथे ग्रीस भरावे, नसेल तेथे ते पाडू नये. मोटारीवरील चाकाच्या दातांवर साखळीने अर्ध्या मिलीमीटरहून खोल चरे पाडले असतील तर त्यावर नवी साखळी बसवू नये, ती लगेच खराब होते.

नवा बार किंवा साखळी घ्यावयास नागदेवी स्ट्रीटवर जाताना ‘चौदा इंची द्या’ एवढे सांगून भागत नाही. साखळीचे माप, खाचेची रुंदी व पायांची संख्या हे तीन आकडे बारावर कोरलेले असतात, ते लिहून न्यावेत. खाच १.१ मि.मी.ची व साखळी १.३ मि.मी.ची असेल तर ती बसणारच नाही; उलट झाले तर बसेल, पण डोलेल.

ताण व पावसाळा

साखळीचा ताण ती थंड असताना पाहावा. बाराचे टोक वर उचलून धरून स्क्रू आवळावा. साखळी बाराच्या खालच्या कडेस चिकटून बसावी आणि तरीही हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढता यावी. नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात बरीच सैल पडते, तेव्हा काही मिनिटांच्या अंतराने ती तपासावी. तापलेली साखळी आवळली असल्यास काम संपताच ती सैल करावी, कारण निवताना ती आखडते व चाकाच्या दांड्यास ओढ बसते. सैल साखळी उतरते, फार आवळलेली साखळी बॅटरी खाते.

जून ते सप्टेंबर करवत बहुतेक बंदच राहते. सांताक्रूझला पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि वेसावे, मढ, गोराई येथे त्यात खाऱ्या हवेची भर असते. ओल्या फांद्या कापून करवत तशीच झोपडीत टांगली तर आठ दिवसांत कड्या गंजून जखडतात. साखळी काढून तेलासह झाकणाच्या डब्यात ठेवावी, बार पुसून त्यास तेलाचा हात द्यावा. टाकीतील तेल काढून घ्यावे; बंद करवतीतून तेल पाझरते, त्यास यंत्र बिघडले असे समजून घाबरू नये. बॅटरी निम्मी भरून, यंत्रापासून वेगळी, कोरड्या व थंड जागी ठेवावी. चुलीजवळच्या फळीवर ती ठेवू नये. पावसानंतर करवत बाहेर काढली की साखळी बसवून, तेल भरून, बॅटरी न लावता ती हातमोज्याने बारावर दोन-तीन फेरे ओढून पाहावी. जी कडी वळताना अडते ती तेलाने मोकळी करावी. न झाल्यास ती साखळी वापरू नये.